सांधा ऐकणारा माणूस

रिक्षा आमच्या गेटशी येऊन थांबली तरी खालचे काका उतरायचे नाहीत. डोळे मिटून, उजव्या हाताचं बोट वर करून तसेच बसून राहायचे. मागच्या स्पीकरमधून कुठलं तरी नवं गाणं धडधडत असायचं आणि त्यात मध्येच एखाद्या जुन्या सिनेमातलं वाक्य टाकलेलं असायचं. "उतरो ना चाचा, गेट आ गया," रिक्षावाला म्हणायचा. काका नुसतं बोट हलवायचे. ते वाक्य गाण्यात दुसऱ्यांदा येईपर्यंत जेसल पार्कातला कुठलाही रिक्षावाला त्यांना जागचा हलवू शकला नाही. मग वाक्य यायचं, काका डोळे उघडायचे आणि उतरता उतरता निकाल द्यायचे. "सहावं रीळ. कोर्टाचा सीन. वकील बोलतोय आणि त्याला सर्दी झालीय." आणि पाय जमिनीला लागला की मोठ्याने, "चोर लेकाचे!"

चोर म्हणजे गाणं करणारे. पण रिक्षावाल्याला ते कुठून कळणार? दोनदा प्रकरण गचांडी धरण्यापर्यंत गेलं होतं आणि दोन्ही वेळा "भैया, आपको नहीं बोला, गानेवाले को बोला" असं सांगत मीच मध्ये पडले होते. तिसऱ्या वेळेपासून रिक्षावाले त्यांना बघून टेप बंद करायला लागले, तर त्याचाही काकांना राग आला.

नव्वदीच्या मधली ती वर्षं. लालबागची खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला आलो होतो. मी चोवीस वर्षांची, फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट. काका आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर भाड्याने राहायचे, एकटेच. एका फिल्म स्टुडिओच्या साउंड खात्यात तीस वर्षं काढून रिटायर झालेले. घरात एक खाट, एक स्टो आणि भलामोठा स्पूलचा टेपरेकॉर्डर, त्यावर भरतकामाचा रुमाल. बाहेर पडताना डाव्या कानात कापसाचा बोळा. "दोन्ही कान एकदम खर्चायचे नसतात," असं ते सांगायचे. माझी आई म्हणायची, माणूस चांगला आहे पण एक स्क्रू ढिला आहे.

त्यांच्या धंद्यात टेप ब्लेडने तिरकी कापायची आणि चिकटपट्टी लावून पुन्हा जोडायची. त्या जोडाला ते सांधा म्हणायचे. चांगला सांधा कुणाला ऐकू येत नाही, काकांना यायचा. आमच्या टीव्हीवर एखाद्या पुढाऱ्याचं भाषण चालू असलं की खालून आवाज यायचा, "इथे सांधा आहे! काहीतरी बोललाय, ते काढलंय!" पुढे पुढे त्यांना हे माणसांच्या बोलण्यातही ऐकू यायला लागलं. आई एकदा मावशीकडच्या बारशाचं सांगत होती. काका मध्येच म्हणाले, "वहिनी, जेवणं झाली आणि तुम्ही निघालात, याच्यामध्ये सांधा आहे." आई लाल झाली आणि मग मावशीशी झालेलं अख्खं भांडण बाहेर आलं. मीही एकदा उशिरा येऊन काकांसमोरच आईला ओव्हरटाइमचं कारण सांगितलं होतं. जिन्यात काकांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, ब्लेड बोथट आहे तुझं."

तेव्हा नुकतीच ती साथ आली होती. जुन्या सिनेमातलं बोलणं कापायचं, खाली ढोल घालायचा आणि झालं पॉप गाणं. काकांची तत्त्वं ठरलेली होती. "गाण्यावर गाणं चढवा, माझी ना नाही. बोलणं उचलायचं नाही. बोलणं माणसाचं असतं. तो कशासाठी बोलला, कुणाला बोलला, ते सोडून देऊन नुसता घसा उचलायचा म्हणजे काय?" कॅसेट कंपन्यांना ते पोस्टकार्डं पाठवायचे. कुठल्या सिनेमाचं कितवं रीळ, बोलणारा कोण, सगळं लिहून शेवटी 'लाज वाटू द्या'. एकाचंही उत्तर कधी आलं नाही.

बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या पोरांना हा खेळच मिळाला होता. वॉकमन घेऊन यायचे, काकांच्या कानाला लावायचे आणि "बोला काका." काका कधी चुकले नाहीत. आणि बरोबर आलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ते मला तेव्हा गोड वाटायचं. आज सांगते, तो शुद्ध गर्व होता.

मग ते गाणं आलं. एका बाईचा आवाज, "हाथ लगाओ," असं तीनदा, आणि मग ढोल. बस, एवढंच. पण भाईंदरमध्ये असा पानवाला राहिला नाही की ज्याच्याकडे ते वाजलं नाही. स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभी राहिले की मागून कुणीतरी ते म्हणायचंच. वळून बघितलं की दात काढून, "गाना गा रहा हूँ मॅडम, आपको क्या प्रॉब्लेम है?" खरंच, काय सांगणार? गाणं म्हणणाऱ्याला पकडायला कुठला पोलीस येणार? मी दात ओठ खात घरी यायची आणि आईवर चिडायची. आईने सुचवलेला उपाय म्हणजे दुसऱ्या बाजूने ये. म्हणजे त्यांनी गायचं आणि मी चिखलातून यायचं!

एका संध्याकाळी काकांनी मला दारातच थांबवलं. ते गाणं त्यांनी त्याच दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं होतं.

"सांधा आहे," ते म्हणाले. "पहिल्या आणि दुसऱ्या शब्दाच्या मध्ये. एक शब्द काढलाय."

"कोणता?"

"मत. हाथ मत लगाओ."

मी पर्स खांद्यावर तशीच घेऊन उभी राहिले. कुणा एका बाईने हात लावू नका म्हटलं होतं. या लोकांनी त्यातलं 'नका' तेवढं कापून फेकलं आणि उरलेलं बाजारात आणलं. आणि ते माझ्या मागे रोज म्हटलं जात होतं. मला इतका राग आला की रडू यायला लागलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

त्याच महिन्यात आई, मी आणि काका सुके बोंबील आणायला उत्तनला गेलो होतो. बसमधून उतरलो तर हळदीच्या मांडवातून तेच गाणं. काठीवर बोंबील उलटत बसलेल्या म्हाताऱ्या कोळणीने तोंड वाकडं केलं. "काय तरी लावतान! ती बाय न्हाय म्हनते आनि यांना नाचाचा हाय."

काका थबकले. "तुम्हाला कसं कळलं? शब्द तर काढलाय."

"शबुद कशाला पायजे? आवाज आयक ना. बाईला कलतं."

काकांनी तिला हात जोडून नमस्कार केला. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि बोंबिलाचा भाव वाढवून सांगितला.

इथपर्यंत काका आणि मी एका बाजूला होतो. आता जे सांगायचंय ते सांगताना माझा राग कुठे ठेवायचा ते मला आजही समजत नाही.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन झालं की मांडवात कार्यक्रम असायचा. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि त्या वर्षी सेक्रेटरींच्या डोक्यातून निघालेलं 'आवाज ओळखा'. गाणं लावायचं, आतला डायलॉग कुणाचा ते सांगायचं. शेवटचं गाणं अर्थातच ते. लोकांनी होत्या नव्हत्या तेवढ्या हिरोइनींची नावं घेऊन झाली. मग काका उठले आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"हिरोइन नाही. नीट ऐका. ती हाथ म्हणत नाहीये, हात म्हणतेय. आपण म्हणतो तसं. मराठी बाई आहे. मोलकरणीचं काम. हिंदी सिनेमाला मोलकरीण मराठीच लागते ना!"

हशा, टाळ्या. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तिथल्या तिथे हाथ-हात म्हणून बघितलं आणि सगळ्यांच्या तोंडून हातच आलं. इथे थांबले असते तर काका त्या दिवसाचे राजे होते. पण गर्वाला थांबणं कुठलं माहीत असायला!

"आणि ती बाई आत्ता इथे बसलेली आहे," असं म्हणून त्यांनी तिसऱ्या रांगेकडे बोट केलं.

तिथे बालवाडीच्या बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, कडक इस्त्रीची सुती साडी. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत चार वर्षं त्या बालवाडी चालवत होत्या, अठरा पोरं होती. तेवढ्यावर त्यांचं एकटीचं घर चालायचं. त्यांनी कधी सिनेमात काम केलंय हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मागच्या बाजूने शिट्टी आली, मग दुसरी. बाई उठल्या. बसलेली खुर्ची त्यांनी घडी करून भिंतीशी लावली आणि निघून गेल्या. काकांना बक्षीस म्हणून पाण्याची बाटली मिळाली. टाळी मीही वाजवली होती.

पुढच्या सोमवारपासून बालवाडीच्या खिडकीशी पोरं उभी राहायला लागली. काय म्हणत होती ते सांगायला नको. आठवड्याभरात आतली चार वर्षांची पोरंही बाई फळ्याकडे वळल्या की तेच म्हणू लागली, बिचाऱ्यांना वाटलं बडबडगीत आहे. आणि मग आईबाप. "तसं काही नाही हो, पण मुलांवर परिणाम होतो." कशाचा परिणाम? ज्यांनी स्वतःच्या पोराच्या वाढदिवसाला तेच गाणं लावून गच्चीवर नाच केला, त्यांना त्या आवाजाची बाई चालेना! अठराची सात पोरं झाली. वर सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली की बालवाडीची खोली परत घेण्याबाबत रविवारी सभा आहे.

काका पेटून उठले, पण नेहमीसारखेच, जगावर. अंधेरीला त्या कॅसेट कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या पोरगेल्या साहेबाने हसून सांगितलं, "अंकल, किसकी आवाज़ है किसी को पता नहीं, यही तो मज़ा है." मग काका मूळ सिनेमा शोधत फिरले. मीरा रोडच्या एका व्हिडिओ लायब्ररीत कॅसेट मिळाली, तर नेमका तो सीनच कुणीतरी उडवलेला. ते आमच्या दारात येऊन ओरडले, "सगळीकडून काढलाय! एक शब्द, तो अख्ख्या मुंबईत नाही!"

शनिवारी दुपारी त्यांनी स्पूलच्या मशीनवरचा रुमाल काढला. "तू चल माझ्याबरोबर. मी बाईंकडे एकटा गेलो तर बरं दिसणार नाही." त्यांची योजना साधी होती. बाईंनी फक्त 'मत' म्हणायचं. ते टेप करून गाण्यात मूळ जागी बसवायचं आणि रविवारी सभेत सगळ्यांना ऐकवायचं. मला ती योजना फार आवडली. मशीनची एक बाजू मी धरली.

बाई खोलीत एकट्या होत्या, पोरांच्या पाट्या पुसत होत्या. काकांनी मशीन ठेवलं, माइक लावला, आणि सगळं समजावून सांगितलं. माफी मागितली नाही. मला वाटतं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं की मागायची आहे.

"फक्त एक शब्द, बाई. बाकीचं मी जोडतो."

बाईंनी पाटी खाली ठेवली. "म्हणजे तुम्हीही कापायलाच आलात."

काकांनी पुढे केलेला माइक मागे घेतला.

"आवाज ओळखलात," त्या म्हणाल्या. "चार वर्षं एका बिल्डिंगमध्ये आहोत. मी पहिल्या दिवशी पाण्याची वेळ विचारली तेव्हाच ओळखला असणार. कधी ओळख दाखवली नाहीत. दाखवलीत ती मांडवात, माइकवर." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुला वाटत असेल मी तो डायलॉग म्हटला. मला दिलेला डायलॉग वेगळाच होता, 'साहब, मैं जाती हूँ.' त्या माणसाने सीनमध्ये सांगितलं नव्हतं ते केलं. खरंच धरलं मला. तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. म्हणून तर हाथचं हात झालं. घाबरल्यावर कुठलं हिंदी? सगळे बघत होते. हे कानाला हेडफोन लावून बसले होते. यांना विचार, मी थांबल्यावर हे काय म्हणाले."

काकांनी वायर गुंडाळली. मशीन या वेळी त्यांनी एकट्यानेच उचललं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणालात तुम्ही?"

"जुनी गोष्ट आहे. तेव्हा सगळं वेगळं होतं."

"काका," मी म्हणाले, "इथे सांधा आहे."

त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं ते आता सभेला येणार नाहीत आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. इतकी वर्षं ज्याच्या रागात मी माझा राग मिसळला, तो माणूस मला त्या रात्री डोळ्यांसमोर नको होता.

रविवारी सकाळी गच्चीवर सभा भरली. टायपिस्ट म्हणून मिनिट्स लिहायचं काम सेक्रेटरींनी माझ्यावरच टाकलेलं होतं. बाई जिन्याच्या दाराशी उभ्या होत्या, त्या सभासद नव्हत्या. खोलीत टेबल टेनिस ठेवावं अशी सूचना आली. कुणीतरी म्हणालं, सोसायटीचं नाव खराब होतंय. तेवढ्यात काका वर आले. डाव्या कानातला बोळा त्यांनी काढून खिशात टाकला.

"काका, तुम्ही भाडेकरू," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्हाला सभेत बोलता येत नाही."

"मग हाकलून द्या," काका म्हणाले आणि बोलायला लागले. इतक्या हळू बोलताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं. "या बाईंचं नाव मी तुमच्यापुढे उघडं केलं. त्यांना न विचारता. बक्षीस घेतलं. त्याआधीचं सांगतो. पंचवीसएक वर्षं झाली असतील. आमचे मोठे साहेब आजारी होते, त्यांच्या खुर्चीवर मी पहिल्यांदाच बसलो होतो. शॉट संपला की डायरेक्टर साउंडला विचारतो. काही गडबड असली तर नाही म्हणायचा हक्क साउंडला असतो. मी तसं म्हटलं असतं तर तो शॉट तिथेच रद्द होता. ना सिनेमात गेला असता, ना गाण्यात. सगळ्यांत जवळून मी ऐकलं. त्यांचा श्वास ऐकला. हे नाटक नाही, हे मला कळलं. पण मी कान आवाजाला लावले होते. आवाज स्वच्छ होता."

"काका, हा विषय अजेंड्यावर नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि मला म्हणाले, "हे मिनिट्समध्ये घेऊ नका. नुसतं 'चर्चा झाली' लिहा."

माझं पेन थांबलं.

"लिही बाळ," दाराशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "त्यांचं सगळं बोलणं लिही. मधलं काही काढू नकोस."

मी लिहायला लागले. टेबल टेनिसवाल्याने मान खाली घातली होती. खोलीचा ठराव त्या दिवशी मांडायला कुणाचं तोंड उघडलं नाही आणि नंतरही नाही. उन्हाळ्यानंतर बालवाडीतली पोरं सातांवरून अकरावर गेली. अठरा कधीच झाली नाहीत.

त्या सकाळी लिहून झाल्यावर मी मान वर केली. शेवटचं वाक्य काकांनी अजून सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल, झालं. मी म्हणाले, "काका, पुढे?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर हटवली नाही.

"लिही," काका म्हणाले. "त्या नाही म्हणाल्या. मी ओके म्हणालो."